नेद्याल्काची कात्री

द्रेनाक गावात मार्च लागला की दोन बायका घराबाहेर पडायच्या. एक बांधत जायची आणि दुसरी तिच्या मागोमाग कापत जायची. बांधणारी वेलिका, वय त्र्याऐंशी. कापणारी नेद्याल्का, वय एकोणसत्तर. दोघींची घरं भिंतीला भिंत लावून आणि भांडण सदतीस वर्षांचं.

वेलिका वर्षभर लोकर राखून ठेवायची आणि फेब्रुवारीत तिचे लाल-पांढरे धागे वळायची. तेही डावीकडे पीळ देऊन, कारण उजव्या पिळाला मार्ता आजी जुमानत नाही. मार्ता आजी म्हणजे मार्च महिनाच. तिचा स्वभाव आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. सकाळी हसेल, दुपारी बर्फ ओतेल, आणि कुणावर तिचा डोळा जाईल याचा नेम नाही. अंगावर लाल-पांढरा धागा दिसला तर मात्र ती गालात हसते आणि पुढे जाते. म्हणून एक मार्चला पोरांच्या मनगटावर आणि सुनांच्या छातीवर धागा हवाच. वेलिकाचं म्हणणं असं की मग मुक्या जीवांनीच कुणाचं घोडं मारलंय? ती कोकरांच्या गळ्यात बांधायची, कुत्र्यांच्या पट्ट्यात बांधायची, मांजरांच्या मानेला, मधमाश्यांच्या पेट्यांना, जर्दाळूच्या झाडाला, जे जे म्हणून जिवंत आहे त्याला बांधायची. पहिला करकोचा दिसला की माणसं आपला धागा सोडून फुललेल्या झाडाला अडकवतात. कुत्र्याला कोण सांगणार करकोचा आला म्हणून?

दोन तारखेला नेद्याल्का निघायची. एप्रनच्या खिशात बोथट टोकाची कात्री. कुत्रं, मांजर, करडू दिसलं की मांडीत धरायचं आणि कच्च.

"काय गं बाई हा अपशकुन!" बायका कुंपणातून ओरडायच्या.

"शकुन पोटात गेला की मलाच बोलावता ना? अपशकुन केला की शिव्या घालता. शिव्याच बऱ्या, त्या दुखत नाहीत."

कापलेले धागे ती खिशात टाकायची. देवळात ती मेणबत्ती लावण्यापुरती जाई आणि मार्ता आजीवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. पण हा धागा कचऱ्यात टाकायचा नसतो, एवढी एक गोष्ट तीही न विचारता पाळायची. घरामागच्या आलुबुखारच्या झाडाला सगळे धागे बांधायची आणि मग हात धुवायची.

नेद्याल्का डॉक्टर नव्हती, हे आधी सांगितलेलं बरं, कारण ती स्वतः ते दिवसातून दहा वेळा सांगायची. ती सहकारी शेतीवर पशुवैद्याची मदतनीस होती. शेती बुडाली, गोठे ओस पडले, पगार थांबला. काम मात्र थांबलं नाही, कारण गायी गेल्या तरी कुत्री-मांजरं राहिली, आणि पोरं परदेशी गेल्यावर म्हाताऱ्यांनी त्यांच्यावरच जीव लावला. वसंत आला की तिला डोळ्यांत तेल घालून फिरावं लागे. द्राक्षवेलींवर मारायला भिजवलेल्या मोरचुदाची निळी बादली कोणी उघडी ठेवली, झाडांच्या बुंध्यांना लावायचा चुना कुठे उकळतोय, उंदरांसाठी विष लावून रंगवलेले गहू कोठाराच्या दारात कोणी सांडले, हे तिला घरात बसून कळायचं असं आम्हाला वाटे. एकदा तिने द्राक्षमळेवाल्या त्सोन्कोला भर चौकात सुनावलं होतं.

"त्सोन्को, ती बादली झाक!"

"कुत्रं काय मोरचूद पितं होय, काकू?"

"तू काय काय पितोस ते पाहिलंय गावाने. कुत्र्याला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल असेल असं धरून चालू नकोस. झाक!"

पंधरा मार्चनंतर ती द्राक्षमळ्याच्या दगडी बांधावर काठी आपटत जायची, कारण तेव्हा घोणस उन्हाला येते आणि कुत्र्यांची नाकं आधी पोचतात. संध्याकाळी पायरीवर बसून आल्या-गेल्या कुत्र्याचे कान उलटे करून गोचीड काढायची. गावातली कुत्री तिला पाहून शेपटी हलवायची आणि लांबून जायची.

पण हे सगळं वरचं झालं. नेद्याल्का आतून कशी होती ते फार थोड्यांना ठाऊक होतं. तिला नवल वाटायचं. पन्नास वर्षं जनावरांत काढून एखाद्याचं मन निबर होतं, हिचं झालं नाही. आंधळं पिल्लू कोणी न शिकवता आईचं आचळ कसं शोधतं, हे पाहताना ती अजून श्वास रोखून बसायची. जनावराच्या पोटावर हात ठेवला की आत काहीतरी चालत असतं, सरकत असतं, थांबत असतं. कोणी हुकूम देत नाही, कोणी बघत नाही, आणि तरी ते काम जन्मापासून एक दिवस बंद पडत नाही. "माणूस देऊळ बांधतो आणि वर मान करून बघत राहतो," ती एकदा म्हणाली होती. "कोंबडी कापताना कोणी आत बघत नाही." आम्ही हसलो होतो. ती हसली नव्हती.

कात्रीची गोष्ट तिच्या विसाव्या वर्षी सुरू झाली. तेव्हा ती नुकती कामाला लागली होती आणि आपल्याला सगळं येतं असं तिला वाटत होतं. वडिलांचा मेंढ्यांवरचा कुत्रा मुर्जो दोन दिवस ओकत होता. त्याच्या शेपटीखाली लाल धाग्याचं टोक लोंबत होतं. गळ्यातला धागा चघळून त्याने गिळला होता. नेद्याल्काने टोक धरलं आणि ओढलं. धागा आला, आणखी आला, मग अडला. तिने जोर लावला. मुर्जो ओरडला नाही, फक्त वळून तिच्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत तो गेला. मोठ्या डॉक्टरांनी त्याला उघडून तिला दाखवलं. आतडं धाग्यावर गोळा झालं होतं, नाडी खेचलेल्या परकरासारखं, आणि ओढलेल्या धाग्याने त्याला जागोजागी कापलं होतं. "धागा ओढायचा नसतो, पोरी," डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

हे तिने गावाला कधी सांगितलं नाही. वेलिकाला मात्र ठाऊक होतं, कारण मुर्जोच्या गळ्यातला तो धागा वेलिकाने वळलेला होता. दोघींनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. पुढे लग्न होऊन नेद्याल्का वेलिकाच्या शेजारी राहायला आली, पहिल्याच मार्चमध्ये तिने कात्री काढली, आणि भांडण जुंपलं ते जुंपलंच.

आता या वर्षाचं. वेलिकाची नजर जवळजवळ गेली होती. खिडकी कुठे आहे एवढं कळायचं, खिडकीत कोण आहे ते कळायचं नाही. नवरा वारलेला, लेक स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी, आणि घरात दुसरा श्वास फक्त बुर्कानचा. बुर्कान म्हणजे तिचा पिवळा बोका. आमच्या भाषेत बुर्कान म्हणजे बरणी. लहानपणी लोणच्याच्या बरणीत डोकं अडकवून बसला होता म्हणून हे नाव. तेव्हाही तेल लावून नेद्याल्कानेच सोडवला होता. आता तेरा वर्षांचा, जाडजूड, छातीत थोडी धाप असलेला. वेलिका फाटकापर्यंत निघाली की तो पुढे चालायचा. शेपटी तिच्या पोटरीला घासली की ती पाऊल टाकायची, थांबली की थांबायची. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तिची नजर जसजशी कमी झाली तसतसा तो हळू चालायला लागला, एवढंच. नेद्याल्का कुंपणापलीकडून हे बघायची आणि भांड्यातला हात तसाच ठेवून उभी राहायची.

नजर गेली तरी वेलिकाची बोटं गेली नव्हती. उलट तिने त्या वर्षी आणखी झोकात धागे वळले. कोकरांना मऊ, मांजराला सुती, बारीक. त्सोन्कोच्या गाढविणीला शिंगरू झालं होतं, त्याच्यासाठी तिने लोकरीत बकरीचे केस मिसळून एक जाड, खरखरीत धागा केला. "गाढवाच्या पोराला गाढवासारखाच हवा," म्हणाली.

दोन तारखेला नेद्याल्काने आधी बुर्कानचा सुती धागा कापला. तो आपल्याच घरच्या भिंतीवर बसला होता, म्हणून सोपं गेलं. मोठ्या जनावरांचे धागे ती एरवी सोडून द्यायची, पण शिंगराचा धागा त्याची आईच चघळत होती, म्हणून तोही कापला. वेलिका फाटकात उभी राहून ऐकत होती.

"कापलास?"

"कापला."

"हात झडो तुझा, नेद्ये."

"झडला की तुझ्याच बोक्याचं नुकसान आहे, ताई."

एवढं बोलून दोघी आपापल्या घरात गेल्या आणि मनातून खूश होत्या. असं भांडण रोज मिळत नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी संत तोदोरचा शनिवार आला. त्या दिवशी आमच्याकडे घोड्यांची शर्यत असते, शेपट्या विणतात, गाव ओस पडतं. नेद्याल्काचा खांदा दुखत होता म्हणून ती घरी राहिली आणि कोवळ्या रानपाल्याचं सार शिजवत बसली. फाटक वाजलं. वेलिका भिंतीला हात लावत लावत एकटीच आली होती. कोटाच्या आत काहीतरी धरलेलं होतं.

"नेद्ये, हा खात नाही. काल चुलीमागे बसला तो उठलाच नाही. आणि लाळ गाळतोय बघ, माझी बाही ओली झाली."

"ओकला का?"

"तीनदा. पिवळं. मला दिसत नाही, पण वास येतो ना."

नेद्याल्काने बोक्याला टेबलावर घेतलं. त्याने अंग चोरलं. पोट हाताला लागू देईना. "डोकं धर," ती म्हणाली, आणि वेलिकाने वरचा जबडा दोन्ही हातांनी धरला. नेद्याल्काने खालचा उघडला, जीभ अंगठ्याने वर ढकलली, आणि तिथे तो होता. जिभेच्या मुळाशी धाग्याचा वेढा पडला होता, मांसात रुतला होता, आणि त्याची दोन्ही टोकं घशात उतरली होती. ओठाच्या कोपऱ्याशी त्याचा पिंजून सुटलेला एक छोटासा तंतू बाहेर आला होता.

"काय आहे?"

"धागा. जिभेखाली अडकलाय, उरलेला पोटात."

वेलिकाचं बोट ओठाच्या कोपऱ्यावरच होतं. तिने तो तंतू अंगठा आणि तर्जनीत धरला, एकदा फिरवला.

"ओढू नकोस!" नेद्याल्का किंचाळली.

वेलिकाने हात उघडला. आणि मग नेद्याल्काचा तोंडाचा पट्टा सुटला. सदतीस वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. "मी दोन तारखेला कापला होता! तू पुन्हा बांधलास, हो ना? किती जीव जाऊ देणार आहेस तुझ्या त्या आजीपायी? डोळे गेले, पण हट्ट जाईना! तुझा लाडका ना हा? बघ, काय केलंस तू त्याचं!"

बोक्याची लाळ वेलिकाच्या मनगटावरून ओघळत होती.

"चुकलं माझं, नेद्ये," ती म्हणाली. "तू तुझं काम कर."

हे शब्द नेद्याल्काने सदतीस वर्षांत एकदाही ऐकले नव्हते. ऐकून बरं वाटायला हवं होतं. तसं वाटायला वेळ नव्हता.

तिने पशुवैद्य डॉक्टर मिन्चेवला फोन लावला. तो शर्यतीच्या मैदानावर होता, मागे घोडे आणि ढोल. "काकू, जिभेखालचा वेढा कापा," तो ओरडून सांगत होता. "ओढू नका..."

"ते तू मला शिकवू नकोस."

"नाही, नाही! फक्त कापा आणि सोडा. मी दुपारनंतर येतो. त्याला खायला काही देऊ नका!"

नेद्याल्काने बारीक कात्री उकळली. खिडकीपाशी उजेडात आली. जिभेच्या मुळाशी एक मोठी रक्तवाहिनी जाते, तिच्यापासून कात्रीचं टोक गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर होतं. बोका गुरगुरला. वेलिका त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होती, तीच जुनी अंगाई, जी तिने आपल्या लेकीला म्हटली असेल. नेद्याल्काचा हात स्थिर होता. इतका स्थिर की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. कच्च. पलीकडची बाजू. कच्च. चिमट्याने जिभेखालचा तुकडा सुटा करून काढला, रक्ताने माखलेला, गव्हाच्या दोन दाण्यांएवढा. उरलेला धागा घशात सरकला आणि दिसेनासा झाला.

डॉक्टर दुपारी आला. अंगाला घोड्यांचा वास. त्याने पोट चाचपलं, कातडीखाली सलाईन दिलं आणि मग नेद्याल्काचा हात धरून बोक्याच्या पोटावर ठेवला. "तुम्ही सांगा."

नेद्याल्काने डोळे मिटले. आत तेच होतं. बारीक चुण्या, एकाला एक लागून, नाडी खेचलेल्या परकरासारख्या. पन्नास वर्षांनी तिच्या बोटांना तो परकर पुन्हा लागला. फरक एवढाच की हा अजून जिवंत होता.

"गोळा झालंय," ती म्हणाली. "पण फाटलेलं नाही. मऊ आहे."

"वरचा वेढा सुटला म्हणजे आतडं स्वतःच धागा पुढे ढकलेल. कदाचित. नाहीतर उघडावं लागेल, आणि या वयात, या छातीला भूल..." त्याने वाक्य सोडून दिलं. वेलिका ऐकत होती. "उद्या संध्याकाळपर्यंत बघू. पोट कडक झालं, ताप आला, पुन्हा ओकला, तर मला लगेच फोन करा. मी गाडी घेऊन येतो, शहरात नेऊ."

ती रात्र दोघींनी आळीपाळीने बोक्याजवळ काढली. रविवारी सकाळी नेद्याल्का कपडे बदलायला आपल्या घरी गेली. कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या दारी आली आणि तिथेच उभी राहिली.

आलुबुखार फुलायला लागला होता. पांढऱ्या कळ्यांत लाल-पांढरे धागे. दरवर्षी ती ते वरच्या फांदीला बांधायची. या वर्षी खांदा वर जाईना म्हणून तिने सगळ्यात खालच्या फांदीला, कमरेच्या उंचीवर बांधले होते. फांदीच्या सालीवर पिवळे केस चिकटले होते. नखांचे ओरखडे होते. दोन धागे पिंजून लोंबत होते. आणि तिसऱ्याची नुसती गाठ उरली होती. ती गाठ तिने बोटांत घेतली. खरखरीत. बकरीचे केस. तो शिंगराचा होता.

वेलिकाने काही पुन्हा बांधलं नव्हतं. वेलिकाने काहीच केलं नव्हतं. गावभरच्या गळ्यांतून धागे काढून काढून नेद्याल्कानेच ते एका जागी आणून टांगले होते, बोक्याच्या तोंडाशी, वाऱ्यावर हलतील असे. कोणत्याही मांजराला यापेक्षा सुंदर खेळणं मिळालं नसतं. मनगटावर नाही, गळ्यात नाही, तिच्या स्वतःच्या झाडावर. तिने सगळे धागे ओरबाडून काढले, एप्रनच्या खिशात कोंबले आणि परत गेली.

आणि सांगितलं नाही. हे मला लिहायला आवडत नाही, पण तसं झालं. ज्या बाईने त्सोन्कोला चौकात उभं-आडवं घेतलं, डॉक्टरलाही दोन गोष्टी सुनावल्या, ती बाई त्या दिवशी एका आंधळ्या म्हातारीसमोर बसली आणि तिचं तोंड उघडेना. वेलिका चुलीपाशी बसून सारखी म्हणत होती, "माझ्यामुळे, बुर्कान, माझ्यामुळे," आणि नेद्याल्का खिशावर हात दाबून ऐकत होती. बोक्याच्या पोटावर ठेवायला ती हात पुढे करायची आणि हात थरथरायचा. मग ती तो मांडीखाली दाबून धरायची, शंभरपर्यंत मोजायची आणि पुन्हा करायची.

दुपारी तीनच्या सुमाराला बोटांखाली काहीतरी हललं. आधी तिला वाटलं, आपलाच हात. मग कळलं, नाही. एक चुणी सुटली. अगदी हळू, झोपलेलं मूल मूठ उघडतं तशी. ती सरकली, पलीकडे गेली, तिच्यामागून दुसरी सैल झाली. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. आत, पूर्ण अंधारात, तो म्हातारा बोका झोपलेला असताना, त्याचं आतडं तो धागा पुढे ढकलत होतं. घाई न करता, चूक न करता. कुठे रेटायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला कळत होतं. नेद्याल्काने विसाव्या वर्षी जोराने जे फाडलं होतं तेच हे निजल्या निजल्या जपून उलगडत होतं. तिने श्वास रोखला. हे घर, हे गाव, एवढं मोठं जग, आणि सगळ्यात शहाणं काय तर तिच्या तळव्याखालचं हे वीतभर पोट. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात काढवेना.

"काय गं?" वेलिकाने विचारलं. "काय झालं? बोल की!"

"चाललंय," नेद्याल्का म्हणाली. "ताई, चाललंय. ये, हात दे इकडे."

तिने वेलिकाचा हात आपल्या हाताखाली घेतला. दोघी तशाच वाकून बसल्या. वेलिकाला आतलं काही कळलं का कोण जाणे, पण तिने दुसऱ्या हाताने छातीवर क्रूसाची खूण केली.

सोमवारी सकाळी बुर्कान वाळूच्या खोक्यात गेला आणि बराच वेळ नाराज चेहऱ्याने बसून राहिला. नंतर बाहेर येऊन त्याने तोंड वर करून आवाज दिला, जेवायचा. नेद्याल्काने काठीने वाळू उकरली. धाग्याचे दोन्ही तुकडे तिथे होते, मिळून दीड वीत, पूर्ण. डॉक्टरला फोन केला तेव्हा तो "काकू!" असं इतक्या मोठ्याने ओरडला की वेलिकालाही ऐकू गेलं. उकडलेल्या कोंबडीचं पाणी वाटीत आलं, आणि बोका ते पिण्याचा आवाज घरभर झाला. वेलिका बाकावर बसून तो आवाज ऐकत होती. आयुष्यभर तिने चर्चच्या घंटाही इतक्या मन लावून ऐकल्या नसतील.

नेद्याल्का तिच्यासमोर उभी राहिली. बसायचा धीर झाला नाही.

"ताई, तो धागा तुझा नव्हता."

वेलिकाने तिच्या आवाजाकडे मान वळवली.

"म्हणजे वळलेला तुझाच. पण तू बांधला नव्हतास. तो शिंगराचा होता. मी कापून आणला, माझ्या झाडाला बांधला, खालच्या फांदीला. तिथून याने घेतला. मी काल सकाळीच पाहिलं. तू दिवसभर स्वतःला दोष देत होतीस आणि मी ऐकत बसले. मी तुला काय काय बोलले शनिवारी... माझ्या हातून झालं सगळं. माझ्या."

"ठाऊक आहे," वेलिका म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"शिंगराचा होता ते. तोंडापाशी बोटाला लागला तेव्हाच कळलं. बकरीचे केस या वर्षी मी एकाच धाग्यात घातलेत, नेद्ये. आणि तो तू कापला होतास. मग तुझ्याच घरून आला असणार, आणखी कुठून येईल?"

"शनिवारीच? मग बोलली का नाहीस? मी तुला एवढं... तू तर म्हणालीस, चुकलं माझं म्हणून!"

"तुझ्या हातात कात्री होती," वेलिका म्हणाली. "आणि त्याची जीभ. मुर्जोनंतर तू महिनाभर चमच्यातलं सांडत होतीस, मी पाहिलंय. त्या वेळी तुला सांगितलं असतं तर हात हलला असता तुझा. आणि कालही तोच हात त्याच्या पोटावर हवा होता; शिवाय धागा वळलेला माझाच ना. मला बोका हवा होता, बाई. भांडण काय, नंतर करता आलं असतं."

वाटीतला आवाज थांबला. बुर्कान येऊन वेलिकाच्या पोटरीला घासून उभा राहिला. तिने खाली वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरा हात समोर, जिथे नेद्याल्का असेल असं तिला वाटलं तिथे, लांब केला.

"बस इथे," ती म्हणाली. "आता रड काय रडायचं ते. आता हात थरथरला तरी चालेल."

नेद्याल्का तिच्या शेजारी बाकावर बसली आणि रडली.